उठला तर ऐकेल

माझ्या सासरच्या माणसांना तोंड दिलंय ते फक्त जेवायला आणि जांभई द्यायला, असं माझं लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ठाम मत झालं. माझ्या माहेरी एका वेळी चौघं बोलायची आणि पाचवं माणूस टेबल बडवून आपला नंबर लावायचं. इथे जेवायला बसलं की नुसता ताटल्यांचा आवाज. सासऱ्यांना, म्हणजे आबांना, मीठ हवं असलं तर ते मिठाकडे बघायचे. सासूबाई ते पुढे सरकवायच्या. झाला संवाद.

मी पोस्टात खिडकीवर बसणारी बाई. दिवसभर लोकांशी हुज्जत घालून जीभ चांगली परजलेली. मला आधी वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं असेल, म्हणून सगळे मूग गिळून बसलेत. शेवटी थोरल्या जाऊबाईंनी मला बाजूला घेऊन समजूत घातली.

"अगं धाकटे, रागावलेलं कुणी नाही. हे असेच आहेत. तुला आबांचा आवाज ऐकायचाच असेल तर दुकानात जा."

दुकान म्हणजे आबांचं सलून. बसस्टॉपच्या समोर, कोपऱ्यावर. भिंतभर आरसा, त्याच्यासमोर दोन खुर्च्या, वाट बघणाऱ्यांसाठी एक बाकडं, आणि लहान मुलांना उंच बसवायला खुर्चीच्या हातांवर आडवी टाकायची एक गुळगुळीत फळी. एका खुर्चीमागे आबा, दुसरीमागे त्यांचा थोरला मुलगा, म्हणजे माझे भाऊजी. धाकटा, तो माझा नवरा. त्याला केस बघितले की शिंका येतात, म्हणून तो सुटला आणि वीज कंपनीत लागला. दुकानाच्या मागच्या बाजूला प्लायवूडची भिंत, आणि तिच्या पलीकडे एका शिवणकाम करणाऱ्या बाईंची खोली. त्यांना सगळे मशीनमावशी म्हणायचे.

तर मी एकदा डबा द्यायला दुकानात गेले. आतून भारदस्त, रसाळ आवाज येत होता. मला वाटलं रेडिओ लावलाय. बघते तर आबा. एका गिऱ्हाइकाला सांगत होते की तरुणपणी आपण शेजारच्याची सायकल चुकून आपली समजून कशी आणली आणि महिनाभर तिला तेलपाणी कसं केलं. बाकड्यावरची माणसं पोट धरून हसत होती. मी दारात आ वासून उभी. आबांची नजर माझ्याकडे गेली, आणि कुणी बटण दाबावं तसे ते गप्प झाले. डबा घेतला, मान हलवली.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की या माणसाची गोष्टच वेगळी आहे. समोरासमोर कुणी आलं की त्यांची बोलती बंद. पण तेच माणूस खुर्चीत बसलं, त्याच्या मानेभोवती कापड बांधलं, आणि आबा त्याच्या मागे उभे राहिले, की आरशातल्या माणसाशी ते वाटेल तेवढं बोलायचे. हातात कात्री हवी, आणि समोर चेहऱ्याऐवजी डोक्याची मागची बाजू हवी. भाऊजी याच मुशीतले. बापलेक दिवसभर हातभर अंतरावर उभे राहून आपापल्या गिऱ्हाइकाशी अखंड बोलायचे, आणि एकमेकांशी फक्त "कंगवा" आणि "गरम पाणी".

आता कुणी म्हणेल, मग भाऊजींचे केस कोण कापायचं? आबाच. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, महिन्यातून एकदा तरी. आबांच्या स्वतःच्या डोक्यावर कापण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यामुळे उलटा प्रश्न यायचाच नाही. शटर अर्धं खाली ओढायचं, भाऊजींनी खुर्चीत बसायचं, आबांनी कापड बांधायचं. आणि गाठ बसते न बसते तोच भाऊजींचा डोळा लागायचा. साधासुधा नाही. बसस्टॉपवरची माणसं घोरणं ऐकून बस आली असं समजून घड्याळात बघायची. आमच्या घरात जी काही मोजकी थट्टा चालायची, त्यातली निम्मी या झोपेवर होती.

जेवायला बोलवायला जायचं काम माझ्याकडे असायचं. अर्ध्या शटरखालून मला फक्त आबांच्या चपला आणि खाली पडलेले केस दिसायचे, आणि घोरण्याच्या मधून मधून एक पुटपुटणं ऐकू यायचं. मी वाकून आत डोकावले की पुटपुटणं बंद. आबा ब्रशने भाऊजींची मान झटकायचे, म्हणजे ते जागे व्हायचे. जगातल्या सगळ्यात सुखी माणसाचा चेहरा घेऊन भाऊजी उठायचे.

आबा गेले ते अगदी त्यांच्या स्वभावाला धरून. कुणाला न सांगता, दुपारच्या झोपेत. भरल्या घरात, पोटभर जेवून. रडलो आम्ही सगळे, पण सासूबाई म्हणाल्या, "जन्मभर कुणाला त्रास दिला नाही, जातानाही दिला नाही," आणि त्यावर कुणाला काही बोलता आलं नाही. तसंही आमच्याकडे कोण बोलतंय.

दुकान भाऊजींनी चालू ठेवलं. आबांच्या खुर्चीमागे त्यांची मुलगी उभी राहायला लागली. जन्मली तेव्हा डोकंभर जावळ होतं म्हणून आबांनीच तिला झिपरी म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. केस कापण्याचा रीतसर कोर्स केलेली, हसरी पोर. तिच्यामुळे दुकानात बायकाही यायला लागल्या, त्यात मी पहिली. धंदा वाढला. एकच गोष्ट बिघडली. भाऊजी स्वतःचे केस कुणाला कापू देईनात.

पहिल्या महिन्यात कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्यात ते कवीसारखे दिसायला लागले. तिसऱ्यात एका नव्या गिऱ्हाइकाने दारातून आत बघितलं आणि विचारलं, "केस कापणारे कुठे गेलेत?" शेवटी एका सुट्टीच्या दिवशी झिपरीने त्यांना दंडाला धरून खुर्चीत बसवलं.

त्या दुपारी भाऊजी घरी आले ते टक्क जागे. केस झकास कापलेले. जेवायला बसले, आणि घास हातात धरून म्हणाले, "मला आज झोप लागली नाही."

सगळ्यांचे हात थांबले. आमच्याकडे जेवताना पूर्ण वाक्य म्हणजे विशेष बातमी.

"माझा हात जड आहे का?" झिपरीचा चेहरा पडला.

"नाही गं. हात छान आहे तुझा. आवाज नव्हता." मग ताटात बघत ते म्हणाले, "आबा बोलायचे. त्या आवाजावर झोप लागायची मला. पण ते बोलायचे काय?"

हा प्रश्न त्यांनी विचारला आणि त्यांची झोपच उडाली म्हणायची, खुर्चीतलीही आणि घरातलीही. माणूस इतकी वर्षं आपल्या डोक्याशी उभं राहून काहीतरी सांगत होता, आणि आपण घोरत होतो, हे त्यांना एकदम लागलं. ते दिसेल त्याला विचारत सुटले.

सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला काय विचारतोस? मला बघायला आले तेव्हा 'बरं' म्हणाले. त्यानंतर मीठ."

माझ्या नवऱ्याला विचारलं. त्याचेही केस आबाच कापायचे. तो जरा फुरंगटूनच म्हणाला, "मला कुठे काय सांगायचे? मला म्हणायचे, 'मान खाली.' मी काही विचारलं की परत, 'मान खाली.' तुझ्याशी बोलायचे ते तरी कळलं आज."

गिऱ्हाइकांना विचारलं. ती मात्र दिलदार. दाताच्या डॉक्टरांनी आबांचे चार विनोद सांगितले, त्यातले दोन बायकामुलांत सांगण्यासारखे. एका बस ड्रायव्हरने सांगितलं की त्याचं लग्न मोडता मोडता राहिलं ते आबांनी दाढी करता करता दिलेल्या सल्ल्यामुळे. "वस्तरा गळ्यावर होता हो, ऐकावंच लागलं," असं म्हणून तो इतका हसला की भाऊजींना हात थांबवावा लागला. असे कितीतरी आबा भाऊजींना त्या दिवसांत भेटले. रोज घरी येऊन ते एखादी गोष्ट सांगायचे, तीही ताटात बघत, आणि सासूबाई तोंडाला पदर लावून हसायच्या. पण सुट्टीच्या दिवशी, अर्ध्या शटरच्या आत, आबा थोरल्याला काय सांगायचे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग एक दिवस भाऊजी पोस्टात आले. रांगेत उभे राहिले, नंबर आल्यावर माझ्या खिडकीसमोर आले, आणि काचेच्या भोकातून म्हणाले, "तुला एक सांगायचं होतं."

एकाच घरात राहतो आम्ही. पण घरात काच नाही ना. मला हसू आलं, पण मी ते गिळलं, कारण त्यांचा चेहरा तसा नव्हता.

त्यांनी सांगितलं की विशीत असताना त्यांना बोटीवर जायची संधी आली होती. मोठी प्रवासी बोट, तिच्यावर सलून, आणि तिथे हाताखाली माणूस हवा होता. बोटीवरचा एक अधिकारी सुट्टीला आला की भाऊजींकडूनच केस कापून घ्यायचा. त्याने स्वतःहून विचारलं. भाऊजींना समुद्राचं वेड. त्यांनी बंदरांची नावं पाठ केली, उलटी होऊ नये म्हणून काय खावं ते विचारून घेतलं. फक्त आबांना विचारायचं राहिलं. आज विचारू, उद्या विचारू. आबा कंगवा मागायचे, हे कंगवा द्यायचे. होता होता बोट निघून गेली.

"मला पस्तावा बोटीचा नाही," भाऊजी म्हणाले. "बायको भेटली, झिपरी झाली, दुकान आहे. माझं चांगलं झालं. पण आबांना हे ठाऊक होतं का? मी काहीतरी सोडून त्यांच्याजवळ राहिलो, हे त्यांना कधी कळलं का? का त्यांना वाटलं, याला दुसरं काही येतच नव्हतं म्हणून हा इथे पडून राहिला? एवढंच कळायला हवं होतं मला. आणि मी मेला झोपून राहिलो."

मागचा माणूस कुरकुरला, "अहो, तिकीट घ्यायचंय की जीवनकथा सांगायचीय?"

"दोन मिनिटं थांबलात तर तुमचं पार्सल सडणार नाही," मी त्याला म्हटलं. मला इतका राग आला होता की कुणावर काढू ते कळत नव्हतं. आबांवर आला, भाऊजींवर आला, त्या बोटवाल्यावरही आला. शेवटी त्या माणसाच्या पार्सलवर मी जरा जास्तच जोरात शिक्का मारला. आणि तो मारतानाच मला मशीनमावशी आठवल्या.

प्लायवूडची भिंत. मावशी एकदा माझ्या कपड्यांचं माप घेताना म्हणाल्या होत्या, "या भिंतीतून कात्रीचा आवाजसुद्धा येतो बाई, माणसाचा का नाही येणार?" मशीन विकून त्या दोनेक वर्षांपूर्वी शेजारच्या गावात लेकीकडे राहायला गेल्या होत्या.

पुढच्याच सुट्टीच्या दिवशी मी भाऊजींना बसमध्ये घातलं. मावशी लेकीच्या गॅलरीत उन्हात बसल्या होत्या, मांडीवर नातवाची पँट, हातात सुई. आम्हाला बघून त्यांना कोण आनंद झाला. बसा म्हणाल्या, चहा सांगितला, आबांसाठी डोळे पुसले. भाऊजी त्यांच्या समोर बसले आणि अर्थातच गप्प झाले. मी कोपराने ढोसलं, तरी ढिम्म. मग मीच सगळं सांगितलं आणि विचारलं, "मावशी, तुम्हाला कधी काही ऐकू यायचं का हो?"

मावशींनी सुई पँटमध्ये टोचून ठेवली. "ऐकू यायचं का? अगं, मी उत्तरं द्यायची."

"कुणाला?"

"आबांना. दुसरं कोण होतं तिथे जागं? तुमच्या सुट्टीच्या दिवशी मी मशीनला हात लावायची नाही. आठवडाभराची काज-बटणं त्या दिवसासाठी राखून ठेवायची. हाताचं काम, आवाज नाही. ते पलीकडून याच्याशी बोलायचे, आणि हा काही हूं की चूं करत नाही म्हणून मी अलीकडून हुंकार द्यायची. पहिल्यांदा दचकले बिचारे. मग सवय झाली."

भाऊजी पुढे सरकून बसले.

मावशींच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला तो चहा निवला तरी थांबेना. आबा काय सांगायचे? सगळं सांगायचे. डॉक्टरांच्या केसांच्या टोपाखाली काय आहे ते, आणि आज भाजी खारट झाली होती पण बोललो नाही, तेही. झिपरी झाली त्या आठवड्यात म्हणाले होते, "तुला मुलगी झाली आणि मला काय करावं ते सुचेना, म्हणून मी दुकान दोनदा झाडलं." एकदा म्हणाले, "काल त्या मास्तरांचे कल्ले तू असे काही बसवलेस, की मी माझ्या गिऱ्हाइकाला विसरून तुझ्याकडे बघत राहिलो. त्याचा कान थोडक्यात वाचला."

भाऊजी हसले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते हसत होते, दोन्ही एकदमच.

"आणि ती तुझ्या बोटीची भानगड," मावशी म्हणाल्या.

भाऊजींचं हसू तिथेच थांबलं. मग या माणसाने, मी बघत असताना, समोरासमोर तोंड उघडलं. "आबांना ठाऊक होतं?"

"तुझ्या आधी ठाऊक होतं म्हण. तू तापाने घरी होतास तेव्हा तो बोटवाला आबांच्या खुर्चीत बसला. त्या खुर्चीत बसून कुणाच्या पोटात काही राहिलंय का कधी? सगळं ओकला. त्यानंतर बोट निघेपर्यंत दर सुट्टीला आबांचं एकच चालायचं. महिना थांबायला तयार नाहीत, आठवड्याला तुला बसवायचे."

"हो," भाऊजी पुटपुटले. "तेव्हा माझे केस फार बारीक झाले होते."

"म्हणायचे, 'विचार मला. एकदा विचार, मी जा म्हणतो. दुकान मी बघतो. पण मी आपणहून जा म्हटलं, तर तुला वाटेल बापाला नकोसा झालास. म्हणून तू विचार.' आणि तू घोरतोयस. मला राहवेना. मी भिंतीवर थाप मारून म्हटलं, 'अहो, मग त्याला उठवा आणि सांगा.' तर घाईघाईने म्हणतात कसे, 'उठवू नका, उठवू नका. उठला तर ऐकेल.'"

मावशी इतक्या हसल्या की मांडीवरची पँट खाली पडली. मीही हसले. असला कसला हा बाप, असं वाटलं, आणि त्याच वेळी असंही वाटलं की तो आत्ता इथे असता तर मी त्याला पोटाशी धरलं असतं.

"आणि बोट गेल्यावर?" भाऊजींनी विचारलं.

"गेल्यावर पुष्कळ वेळ गप्प कापत होते. मग म्हणाले, 'गेला नाहीस. तुझ्यासाठी वाईट वाटतंय मला. आणि मला स्वतःला किती बरं वाटतंय, ते सांगायची लाज वाटते.'"

परतीच्या बसमध्ये भाऊजी खिडकीशी बसले. बाहेर अंधारायला लागलं होतं आणि काचेत आमचे चेहरे दिसायला लागले होते. काचेतल्या मला ते म्हणाले, "मी विचारायची वाट बघत ते उभे राहिले. ते काहीतरी बोलतील म्हणून मी वाट बघत राहिलो. दोघंही शहाणे."

"शहाणे कसले. ठार येडे," मी म्हटलं.

"एकदा डोळे उघडायचे होते गं. एकदाच. ते तिथेच होते की." मग त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोपले. पण नंतर त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मी घाबरून बघते तर ते हसत होते. "आठवड्याला केस," ते म्हणाले. "माझी बायको तेव्हा मला बघायला आली होती. तिला वाटलं मी तुरुंगातून सुटून आलोय."

घरी आल्यावर त्यांनी सगळ्यांना सगळं सांगितलं, उभ्यानेच, पायातली चप्पल न काढता. माझा नवरा म्हणाला, "म्हणजे मी जागा राहायचो हीच माझी चूक." सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एवढं बोलायचे? आणि मी मीठ सरकवत बसले." त्या रात्री त्यांनी स्वयंपाकघरात थोडं रडून घेतलं, मग त्या गाढ झोपल्या.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मीही दुकानात गेले, कारण माझे केस वाढले होते. झिपरी म्हणाली, "काकू, आधी बाबांचे उरकते, मग तुम्ही." मी बाकड्यावर एक जुनं मासिक घेऊन बसले. शटर अर्धं खाली. भाऊजी खुर्चीत, चेहरा एकदम निवांत. झिपरीने कापड बांधलं, फवाऱ्याने पाणी मारलं, कात्री चालायला लागली.

बाबांना आवाजाशिवाय झोप लागत नाही, हे पोरीने मनावर घेतलं होतं. ती हळू आवाजात काहीबाही बोलत होती. कोण आलं, कुणी कसले केस मागितले, कुणाचा रंग उतरला. भाऊजींची मान हळूहळू पुढे कलली. थोड्या वेळाने ते ओळखीचं घोरणं सुरू झालं. मला बरं वाटलं. बसली घडी एकदाची, म्हटलं.

मी पाककृती वाचत होते, त्यामुळे झिपरीचा आवाज कधी बदलला ते मला कळलं नाही. कळलं तेव्हा ती म्हणत होती, "…त्या शाळेत मला घेतलंय, बाबा. नाटकाचे टोप बनवायला शिकवतात, आणि रंगभूषा. दोन वर्षं. उद्यापर्यंत कळवायचंय. मला खूप जायचंय. पण आबांची खुर्ची रिकामी पडेल आणि तुम्ही एकटेच उभे राहाल इथे. तुम्हाला कसं सांगू तेच कळत नाहीये."

मी मान वर केली. आरशात बघितलं. बाप हनुवटी छातीवर टेकवून घोरतोय, आणि लेक त्याच्या मानेशी, डोळे भरलेले, कात्री चालवत सांगतेय. न अडखळता. सगळं, अगदी नीट.

माझं डोकंच फिरलं. मी उठले, टेबलावरचा फवारा उचलला.

"काकू, नको," झिपरी कुजबुजली. "झोपू द्या त्यांना."

मी फवारा भाऊजींच्या नाकासमोर धरला आणि दाबला. एकदा नाही, तीनचारदा.

भाऊजी धडपडत जागे झाले. चेहऱ्यावरून पाणी गळतंय, एका बाजूचे केस कापलेले, दुसऱ्या बाजूचे कानावर आलेले. "काय झालं? काय झालं?"

"काही नाही, बाबा," झिपरी घाईने म्हणाली.

"काही नाही कसं? बोल की आता," मी म्हटलं.

झिपरीने ओठ घट्ट मिटले. याच घरातली ना ती. आरशात दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मग भाऊजींनी जमिनीला पाय लावला, खुर्ची गर्रकन फिरवली, आरशाकडे पाठ केली, आणि लेकीकडे सरळ तोंड करून बसले. चेहरा पुसायलाही थांबले नाहीत.

"गुंगीत शाळेपर्यंत ऐकलं मी," ते म्हणाले. "मग पुरता डोळा लागला."

"बाबा, ते…"

"थांब. सांगू नकोस. विचार मला."

"काय विचारू?"

"जाऊ का, असं विचार. मी जागा आहे."

कात्री अजून झिपरीच्या हातात होती. ती तिने दुसऱ्या हातात घेतली, परत पहिल्यात घेतली. भाऊजी हलले नाहीत. मलाही काही बोलायची हिंमत झाली नाही, आणि माझ्या बाबतीत हे फार क्वचित घडतं.

"बाबा," ती म्हणाली, "मी जाऊ का?"

"जा," भाऊजी म्हणाले. "आणि मला फार वाईट वाटणार आहे, तेही ऐकून ठेव."